बाळंतपणातली सोबतीण: वस्तीतल्या बायकांना कसं शिकवायचं आणि शिकताना त्यांना कसं सांभाळायचं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. रक्तस्राव, झटके, अडलेलं बाळ यांतून बायका वाचायच्या तर हे व्हायलाच हवं होतं. पण सुईण मागे पडली तशी तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. रात्रभर उशाशी बसून पाठ चोळणारं, "आता ही कळ गेली, पुढची यायला वेळ आहे" म्हणणारं माणूस लेबर रूमच्या दाराबाहेरच राहिलं. आत चार टेबलं आणि एक सिस्टर. पहिलटकरीण भिंतीकडे तोंड करून एकटी कळा काढते.

ही जागा भरणाऱ्या बाईला जगभर डूला म्हणतात. आपल्याकडे 'सोबतीण' हा शब्द पुरेसा आहे आणि बायकांना तो लगेच कळतो. महिला मंडळ, बचत गटांचा संघ, छोटी संस्था किंवा ग्रामीण रुग्णालयातलं उत्साही पथक यांना आपल्या भागातल्या दहा-बारा बायकांना सोबतीण म्हणून तयार करायचं असेल, तर काय काय करावं लागतं ते इथे मांडलं आहे. सोबतीने आईला काय मिळतं हे पुष्कळदा सांगून झालंय. शिकणाऱ्या बाईचं काय होतं, याचा विचार सहसा कार्यक्रम अडखळल्यावर होतो. तो पहिल्या दिवसापासून करावा, हाच या लेखाचा आग्रह आहे.

शिकवण्याआधी एक गोष्ट पक्की करा

कॉक्रेन ही जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था. तिच्या 2017 सालच्या आढाव्यात 17 देशांतले 26 अभ्यास एकत्र तपासले होते. त्यात 15,000 पेक्षा जास्त बायका होत्या. बाळंतपणात सतत कुणीतरी सोबत असलं तर नैसर्गिक प्रसूती होण्याची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, कळांचा काळ थोडा आटोपशीर होतो आणि बाळंतपणाची वाईट आठवण घेऊन घरी जाणाऱ्या बायका कमी असतात, असं त्यात दिसलं. या सगळ्या संशोधनाची सुरुवात ग्वाटेमालात झाली. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातल्या सोबतिणी साध्या, अनोळखी आणि प्रशिक्षण न घेतलेल्या बायका होत्या. त्या फक्त सोडून गेल्या नाहीत.

यातून शिकवणाऱ्याने काय घ्यायचं? मुख्य औषध म्हणजे हजर राहणं. प्रशिक्षणाने त्याला धार यावी, ते झाकलं जाऊ नये. बारा दिवस शरीरशास्त्र शिकवलं की बाई अर्धी नर्स होते. मग ती आईच्या चेहऱ्याकडे न बघता घड्याळ आणि मॉनिटरकडे बघायला लागते. ज्या कामासाठी तिला निवडलं तेच तिच्या हातून सुटतं.

आधी दवाखाना, मग बायका

बायका शिकून तयार झाल्या आणि दवाखान्याने दार उघडलं नाही, असं झालं तर त्यांचा धीर असा खचतो की दुसऱ्या तुकडीला कुणी येत नाही. म्हणून परवानगी आधी हातात घ्या.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीवेळी सोबतीला माणूस ठेवायला मान्यता दिली. पण त्या सूचनांतली सोबतीण म्हणजे स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई. तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, पूर्ण वेळ थांबायची तिची तयारी असावी, उपचारांत तिने ढवळाढवळ करू नये आणि खोलीतल्या इतर बायकांकडे जाऊ नये, अशा अटी आहेत. तुमची सोबतीण नात्यातली नसते, आणि अडचण नेमकी इथेच येते. तेव्हा वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या. त्यात पाच गोष्टी असू द्या: सोबतिणींची नावं आणि ओळखपत्र क्रमांक, एका बाईसोबत एकच सोबतीण, बाईची आधी घेतलेली लेखी संमती, सोबतीण काय करणार नाही याची यादी, आणि तक्रार आली तर फोन कुणाला करायचा. केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' (2017) आणि 'सुमन' (2019) या दोन्ही प्रसूतिसेवा कार्यक्रमांत सन्मानपूर्वक प्रसूतिसेवा हा मुद्दा आहे. अर्जात त्यांचा उल्लेख करा, अधीक्षकांनाही वरती दाखवायला आधार मिळतो.

अधीक्षकांची सही झाली म्हणजे काम झालं असं नाही. रात्रपाळीची सिस्टर राजी नसेल तर सहीचा कागद दारातच राहतो. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या आठवड्यातच लेबर रूमच्या सगळ्या सिस्टरना तासाभरासाठी बोलवा आणि त्यांना एकच प्रश्न विचारा: "नातेवाइकांच्या कुठल्या वागण्याने तुमचं काम अडतं?" त्यांची उत्तरं सोबतिणींच्या नियमांत जशीच्या तशी घाला. आपण सांगितलेलं ऐकलं गेलं असं वाटलेली सिस्टर पुढे सोबतिणीला स्वतःहून स्टूल देते.

आशाताईंशीही आधीच बोलून घ्या. बाईला दवाखान्यात आणल्याचं मानधन त्यांना मिळतं. सोबतीण आपल्या पोटावर पाय आणणार अशी भीती त्यांना वाटणं साहजिक आहे. नोंदीत आशाताईचंच नाव राहील, तिच्या मानधनाला कुणी हात लावणार नाही, हे सरपंच किंवा नर्सबाईंसमोर स्पष्ट बोला. बाळंतपणानंतरच्या घरभेटी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी करते. सोबतिणीने त्यातल्या निदान दोन भेटी तिच्याबरोबरच कराव्यात.

किती बायका, आणि कोणत्या

हिशेब सोपा आहे. हजार लोकवस्तीमागे वर्षाला साधारण 15 जन्म धरा. पाच हजारांच्या वस्तीत 75, म्हणजे महिन्याला सहा. एका सोबतिणीला महिन्याला दोनच बाळंतपणं द्यावीत. तीन ही वरची हद्द, त्यापुढे झोप आणि घर दोन्ही मोडतं. सुरुवातीला पहिलटकरणी आणि ज्यांना माहेर-सासरचं कुणीच नाही अशा बायका घेतल्या तर चार सोबतिणी पुरतात. पण चार हव्या असतील तर सहा घ्या, आणि अशा दोन वस्त्या धरून बारा जणींची तुकडी करा. बारांतल्या तीन-चार जणी पहिल्या सहा महिन्यांत गळतात, तेवढं गृहीत धरूनच चाला.

शिक्षणाची अट ठेवू नका. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने 1970 मध्ये काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्या ग्राम आरोग्य सेविकांतल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गावाने निवडलेल्या, वेगवेगळ्या जातींच्या या बायका एकत्र राहून शिकल्या आणि गावात मानाने उभ्या राहिल्या. सोबतिणीची तुकडीही वस्तीतल्या सगळ्या समाजांतून असायला हवी. सगळ्याजणी एकाच आळीतल्या निघाल्या तर बाकीच्या आळ्यांतल्या गर्भवती बोलावतच नाहीत, आणि का बोलावत नाहीत ते तोंडावर कुणी सांगत नाही.

निवडताना बघायचं ते हे. वस्तीतल्या बायका आत्ताही अडीअडचणीला हिच्याकडे जातात का? हिच्यापाशी सांगितलेलं पोटात राहतं का? न बोलता बसता येतं का? तिसरा गुण सर्वांत दुर्मीळ. तो तपासायला दोघींना समोरासमोर बसवून पाच मिनिटं नुसतं ऐकायला सांगा. सल्ला द्यायचा नाही, "माझ्या वेळी तर" असं सुरू करायचं नाही. दुसऱ्याच मिनिटाला तोंड उघडणारी बाई वाईट नसते, पण तिला शिकायला वेळ जास्त लागतो.

ज्या बाईचं स्वतःचं बाळंतपण किंवा गर्भपात गेल्या वर्षभरातला आहे, तिला पुढच्या तुकडीत घ्या. कारण सांगूनच थांबवा, नाहीतर तिला नाकारल्यासारखं वाटतं.

मग तिच्या घरी जा. नवरा, सासू, मोठी मुलं सगळी असतील अशा वेळी. रात्री दोनला फोन आला तर हिला दवाखान्यात कोण सोडणार? सकाळी डबा कोण करणार? हे प्रश्न तिथेच, सगळ्यांसमोर विचारा. उत्तर मिळालं नाही तर बाई कितीही चांगली असली तरी तिला भरीस घालू नका. घरातून आधी न आलेला होकार रात्री दोनला येत नाही.

आठ आठवडे, अठ्ठेचाळीस तास

आठवड्यातून दोन दुपारी, दर वेळी तीन तास. अडीच ते साडेपाच ही वेळ बहुतेक घरांना चालते. सलग सहा दिवसांचं शिबिर घेण्याचा मोह होतो, पण शिकलेलं घरी नेऊन सासूला, जावेला सांगायला आणि तिच्या शंका घेऊन परत यायला मधले दिवस लागतात. बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि लहान मुलं सांभाळायला एक बाई, हे दोन्ही खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत घाला.

पहिली बैठक ओळखीची. दुसरी स्वतःच्या बाळंतपणाची, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. वर्तुळात बसून, इच्छा असेल तर, प्रत्येकीने आपल्या बाळंतपणातली एकच गोष्ट सांगायची: तेव्हा जवळ कोण होतं आणि कोण असायला हवं होतं? एवढाच प्रश्न. तरी खोलीतली हवा बदलते. कुणाला मांडीवर चापट बसलेली असते, कुणाचं पोट दाबलेलं असतं, कुणाचं बाळ गेलेलं असतं आणि वीस वर्षांत तिला त्याबद्दल कुणी विचारलेलं नसतं. या बैठकीला समुपदेशक किंवा अनुभवी कार्यकर्ती हजर असलीच पाहिजे. एका वेळी सहाच जणी ठेवा, म्हणजे बारांची दोन वर्तुळं. न बोलण्याचा हक्क सुरुवातीलाच सांगा. शेवटी चहा-नाश्ता द्या आणि अर्धा तास कुणालाही घाईने घरी पाठवू नका. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीला फोन करा.

हे टाळलं तर काय होतं? ती गोष्ट जाते कुठेही नाही, लेबर रूममध्ये बाहेर येते. समोरची मुलगी ओरडते आणि सोबतिणीचे हात थंड पडतात, किंवा ती सिस्टरवर तुटून पडते. भांडण तेव्हाचं नसतंच, ते वीस वर्षांपूर्वीचं असतं.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीत शरीर. महागडं मॉडेल लागत नाही. एक मोठा फुगा आणि टेबलटेनिसचा चेंडू घ्या. चेंडू फुग्यात सरकवा, फुगा मध्यम फुगवा आणि तोंड खाली धरा. चेंडू मानेशी येऊन बसतो. आता फुगा बाजूंनी दाबा: काहीच होत नाही. या खोट्या कळा. मग वरच्या टोकाकडून दोन्ही तळव्यांनी दाबा आणि सोडा, दाबा आणि सोडा. आधी फुग्याची लांब मान आखूड होते, मग पातळ होते आणि त्यानंतर कुठे उघडायला लागते. "दोन सेंटीमीटरवरच अडकली" म्हणून रडणाऱ्या बाईला मान आखूड होण्याचं काम आधी चालू असतं हे सांगायला हा फुगा पुरतो. मापासाठी बांगड्या वापरा. दोन-चार मापाची बांगडी आतून साधारण 5.7 सेंटीमीटर असते. गर्भपिशवीचं तोंड त्याच्या जरा अलीकडे, 5 सेंटीमीटरवर आलं की कळांचा जोराचा टप्पा सुरू झाला असं जागतिक आरोग्य संघटना मानते. पूर्ण 10 सेंटीमीटरचं वर्तुळ पुठ्ठ्याचं कापून शेजारी ठेवा. हातातली बांगडी आणि ते वर्तुळ पाहिलं की शिकणारी गप्प होते.

पाचवी ते आठवी बैठक हातांची. हाच गाभा आहे, इथे तासांची काटकसर करू नका.

पाठीचा दाब: आईला उशीवर किंवा पलंगाच्या कडेवर पुढे वाकू द्या. माकडहाडाच्या वर, कमरेच्या दोन खळग्यांच्या मध्ये जो सपाट त्रिकोण आहे तिथे तळव्याची टाच ठेवायची. कळ सुरू होताना दाब वाढवायचा, कळ उतरताना सोडायचा. जोर मनगटातून काढला तर दहा मिनिटांत सोबतिणीचाच हात भरून येतो. कोपर सरळ, एक पाय मागे आणि अंगाचं वजन पुढे, असं उभं राहून शिकवा. दुसरी पद्धत: दोन्ही तळवे नितंबांच्या बाहेरच्या बाजूंना ठेवून आत आणि किंचित वर दाबायचं. किती जोरात, हे आईला प्रत्येक कळेनंतर विचारायचं. काही बायकांना स्पर्श नकोच असतो. तेव्हा हात मागे घेऊन शेजारी बसणं हेही कामच आहे, आणि शिकणारीला नेमकं तेच सर्वांत अवघड जातं.

श्वास: नाकातून आत, तोंडातून लांब बाहेर. बाहेरचा श्वास आतल्यापेक्षा लांब. "हूंऽऽ" असा खालच्या पट्टीतला आवाज काढला की जबडा सैल राहतो. सरावासाठी बर्फ वापरा. मुठीत बर्फाचा खडा, घड्याळावर साठ सेकंद. पहिल्यांदा बाकीच्यांनी गलका करायचा. दुसऱ्यांदा सगळ्यांनी शांत राहायचं. तिसऱ्यांदा एकीने डोळ्यांत बघून तिच्याबरोबर श्वास घ्यायचा. बर्फ तोच, मिनिट तेच, पण तिसरं मिनिट वेगळं जातं. भर टप्प्यात दहा मिनिटांत तीन-चार कळा येतात आणि एकेक 40 ते 60 सेकंद टिकते, हे आकडे या सरावानंतर आपोआप लक्षात राहतात.

बाकीचं: चालणं, झुलणं, डाव्या कुशीवर झोपणं, घोट घोट पाणी, दर दोन तासांनी लघवीची आठवण. भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं आणि नंतर रक्तस्रावालाही कारण होतं. धोका नसलेल्या बाईने कळांमध्ये हलकं खायला-प्यायला हरकत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचंही मत आहे. पण सिझरची शक्यता असेल तर डॉक्टर मनाई करतात. म्हणून दर वेळी सिस्टरला विचारूनच द्यायचं. पूर्ण उघडण्याआधी जोर करायला सांगायचं नाही.

नववी आणि दहावी बैठक धोक्याच्या खुणांची. इथे पाठांतर चालतं, नव्हे, करायलाच हवं. अंगावरून रक्त जाणं, पाणी हिरवट किंवा पिवळसर येणं, कळांशिवाय पाणी जाणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, झटका, ताप, बाळाची हालचाल मंदावणं, बाळंतपणानंतर पॅड भराभर भिजणं. घरी असेल तर 108, दवाखान्यात असेल तर सिस्टरला हाक. "थोडं थांबून बघू" हे वाक्य सोबतिणीच्या तोंडी नको. पाण्याबरोबर नाळ बाहेर दिसली तर आईला गुडघे-कोपरांवर, ढुंगण वर आणि डोकं खाली अशा स्थितीत ठेवून मोठ्याने हाक मारायची. नाळेला हात लावायचा नाही.

उरलेल्या सहा बैठकांत पहिल्या तासातलं दूध आणि कातडीला कातडी (बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवणं), चीक टाकून न देणं, बाळंतिणीचं मन, बाळ गेल्यावर काय बोलायचं आणि काय नाही, आणि कागदपत्रं येतात: माता-बाल संरक्षण कार्ड, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत उपचार, जेवण आणि वाहन. घरच्या रिवाजांशी भांडायला शिकवू नका. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलाचं मालीश चालू द्या. बंद खोलीतली शेगडी आणि धुरी, नाळेला हळद-राख लावणं, बाळाला घुटी, मध किंवा वरचं पाणी, एवढ्यांवरच शक्ती खर्च करा.

एक बैठक कायद्याला द्या. अठरा वर्षांखालची मुलगी गर्भवती असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देण्याआधी सोबतिणीला ही मर्यादा माहीत हवी. कळवण्याचं ओझं तिच्या एकटीवर टाकू नका. तिने संस्थेच्या ठरलेल्या व्यक्तीला सांगावं आणि पुढचं संस्थेने बघावं.

हात न लावायच्या गोष्टी

आतून तपासणी नाही. औषध, इंजेक्शन, सलाईनची कळ नाही. रक्तदाब नाही. बाळ किंवा वार ओढणं नाही. संमतीपत्रावर सही नाही. पोट दाबणं कुणीही सांगितलं तरी नाही. बाळ खाली यावं म्हणून वरून पोट दाबण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही, आणि अपघात झाला तर बोट सोबतिणीकडेच जातं. सिस्टरने सांगितलं तर तिने म्हणावं, "ताई, मला संस्थेने मनाई केलीये." मनाई संस्थेच्या नावावर असली की बाईला नाही म्हणता येतं.

दवाखान्यातला सराव

पहिलं बाळंतपण नुसतं बघायचं. दुसरं आणि तिसरं अनुभवी सोबतिणीबरोबर किंवा प्रशिक्षिकेबरोबर. चौथ्यापासून स्वतंत्र, पण फोनवर कुणीतरी जागं. प्रत्येक वेळी अर्ध्या पानाची नोंद: कधी आली, कधी गेली, काय केलं, कशाचा त्रास झाला. लिहिता येत नसेल तर फोनवर आवाजात नोंदवून पाठवू द्या. बाईचं नाव त्यात नको, क्रमांक पुरे.

वाईट वागणूक डोळ्यांसमोर घडली तर? हा प्रश्न सरावात दोन-तीनदा तरी नाटक करून घ्या. एक सिस्टर होते, एक आई, एक सोबतीण. सिस्टर आईवर खेकसते. सोबतिणीने तिथे वाद घालायचा नाही. सिस्टर आणि आई यांच्या मधल्या बाजूला जाऊन आईचा हात धरायचा, तिच्याशी हळू बोलायचं आणि सिस्टरला विचारायचं, "ताई, मी हिला कुशीवर घेऊ का?" कामाचा प्रश्न विचारला की बरेचदा आवाज खाली येतो. मारहाण झाली तर त्याच दिवशी संस्थेला कळवायचं आणि संस्थेने अधीक्षकांना लेखी द्यायचं. ते दिलं नाही तर सोबतीण मनातून खचते. आपण पाहिलं आणि काहीच झालं नाही, हे ओझं रक्तस्राव बघण्यापेक्षा जड असतं.

पैसे आणि रात्र

एका बाईमागे किती तास जातात ते मोजा. आधीच्या तीन भेटी, दोन-दोन तासांच्या: 6. बाळंतपण, सरासरी धरून 14. नंतरच्या पाच भेटी, दीड-दीड तासाच्या: साडेसात. नोंदी आणि बैठक: 2. झाले साडेएकोणतीस तास, म्हणजे जवळपास चार दिवसांची मजुरी. तुमच्या भागातला दिवसाचा रोज चाराने गुणा, रात्रीचा प्रवास वेगळा द्या. याहून कमी देत असाल तर ती सेवा नाही, उसनवारी आहे. पैसे तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करा. नातेवाइकांकडून खुशाली म्हणून पेढा चालेल, नोट नाही. हा नियम सैल झाला की पहिल्याच वर्षी गरीब घरची बाई बोलवायला कचरते.

जोडीने काम लावा. दर बाईमागे एक मुख्य आणि एक राखीव सोबतीण, आणि दोघींशी गर्भवतीची आधीच ओळख. बारा तास झाले की बदली. रात्रभर जागलेल्या सोबतिणीला दुसऱ्या दिवशी बैठकीला बोलावू नका.

शिकणारीचं काय होतं

चांगलं आधी. बोलणं बदलतं. ग्रामसभेत मागे बसणारी बाई पुढे येते, मुलीच्या शाळेत प्रश्न विचारते, सुनेला दवाखान्यात घेऊन जाताना कागद स्वतः मागते. स्वतःच्या बाळंतपणाकडे ती नव्याने बघते: तेव्हा आपली चूक नव्हती, आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काहीजणी पुढे शिकायला लागतात, दहावीला बसतात, नर्सिंगकडे वळतात. घरात तिच्या शब्दाला वजन येतं.

वजन येतं म्हणूनच ठिणग्याही उडतात. रात्री बाहेर राहणं, स्वतःच्या खात्यातले पैसे, नवऱ्याच्या चुलतभावजयीचं गुपित माहीत असूनही न सांगणं, यांवरून घरात कुरबूर होते. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात पुन्हा घरभेट द्या. ती केवळ शिष्टाचार म्हणून नको. सासूला तुकडीच्या एखाद्या कार्यक्रमाला बोलवा, तिच्या वेळच्या सुइणीबद्दल तिला बोलू द्या. आपल्या अनुभवाला मान मिळाला की ती बहुतेकदा सोबतिणीच्या बाजूने उभी राहते.

खचण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: फोन न उचलणं, "सोपी बाई असेल तरच द्या" म्हणणं, झोपेत ओरडणं ऐकू येणं, चिडचिड, नोंदी एका ओळीवर येणं. प्रत्येक बाळंतपणानंतर चोवीस तासांत एक फोन आणि तीन दिवसांत समोरासमोर अर्धा तास, हा नेम पाळा. बाळ किंवा आई दगावली तर पंधरा दिवस नवीन काम नाही, पण मानधन चालू. त्या पंधरा दिवसांत निदान दोन भेटी. समुपदेशक जवळपास नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच भरून ठेवा. तिला एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं की मृत्यूचं कारण तिचा हात नव्हता.

परिणाम मोजायचा तर परीक्षेच्या गुणांवर थांबू नका. हेच सहा प्रश्न सुरुवातीला, आठ आठवड्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने विचारा. डॉक्टरांना प्रश्न विचारायला भीती वाटते का? गेल्या महिन्यात घरात कुठला निर्णय तुम्ही घेतला? पैसे कुणाच्या हातात राहतात? गेल्या आठवड्यात किती रात्री नीट झोप लागली? स्वतःच्या बाळंतपणाची आठवण आली की काय होतं? हे काम सोडावंसं कधी वाटलं? विचारणारी व्यक्ती मानधन देणारी नसावी, नाहीतर सगळी उत्तरं गोड येतात. झोपेचं आणि सोडण्याचं उत्तर दोन वेळा लागोपाठ बिघडलं तर त्या बाईचं काम निम्मं करा, तिने मागण्याची वाट बघू नका.

हमखास होणाऱ्या चुका

दवाखाना सोबतिणीला आयाचं काम लावतो: फरशी पुसणं, ट्रॉली ढकलणं, दुसऱ्या बाईचा डबा आणणं. एकदा केलं की ते रोजचं होतं. अर्जातलं 'एका बाईसोबत एकच सोबतीण' हे वाक्य इथे कामाला येतं.

खासगी दवाखान्याकडून 'पेशंट आणलास तर इतके' असं आमिष येतं. पहिल्याच महिन्यात या विषयावर उघड बोला. ते घेतलं तर तुकडीतून बाहेर, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असू द्या.

गणवेश नर्ससारखा पांढरा शिवला की वस्तीतली बाई दबते आणि सिस्टर चिडते. साधी सुती साडी किंवा ड्रेस, त्यावर खिशाचा रंगीत एप्रन आणि ओळखपत्र पुरे. खिशात नखं कापायचं यंत्र, साबणाची वडी, छोटा रुमाल, बिस्किटाचा पुडा आणि चार्जर.

आणि सोडून जाणाऱ्या बाईला रिकाम्या हाताने पाठवू नका. प्रमाणपत्रावर नुसतं 'प्रशिक्षण पूर्ण' असं न लिहिता तास, विषय आणि तिने सोबत केलेल्या बाळंतपणांची संख्या लिहा, खाली अधीक्षकांची सही घ्या. अंगणवाडी मदतनीस, रुग्णालयातली परिचर किंवा नर्सिंगचा प्रवेश, कुठेही तो कागद तिला दाखवता येतो. पुढची तुकडी बसेल तेव्हा फुगा आणि चेंडूची बैठक तिलाच घ्यायला बोलवा, आणि त्या दुपारचं मानधन प्रशिक्षिकेइतकंच द्या.